माणसे वाईट होती म्हणून सहकार बुडाला?

यवतमाळात सहकाराचा विषय निघाला की तो दोन वाक्यांत आटोपतो. पहिले वाक्य : "तत्त्वं चांगली होती, माणसं नालायक निघाली." दुसरे : "अन् आपल्या इकडं सहकार चालतच नाही ना बाप्पा, तो तिकडं, नगर-कोल्हापूरकडं." बाजार समितीच्या ओट्यावर हे ऐकू येते, वकिलांच्या बाररूममध्ये ऐकू येते, आणि गंमत म्हणजे १४ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या सहकार सप्ताहाच्या व्यासपीठावरूनही जरा सभ्य शब्दांत हेच ऐकू येते : "चळवळीला आज चारित्र्यवान कार्यकर्त्यांची नितांत गरज आहे." सहकाराचा निंदक आणि सहकाराचा भाट यांचे इतके एकमत दुसऱ्या कुठल्याच मुद्द्यावर नसेल. मला संशय येतो तो या एकमताचाच.

तरी पूर्वपक्ष आधी त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. खातेदाराला पाच हजारांपलीकडे रक्कम काढता येईना. वर्षभराने परवानाच रद्द झाला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे कवच होते. त्यावरच्या रकमेसाठी अवसायकाच्या दाराकडे डोळे लावून बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. उमरखेड तालुक्यातला पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना बंद पडला आणि पुढे भाडेतत्त्वावर खासगी हातात गेला. पांढऱ्या सोन्याचा म्हणवणाऱ्या जिल्ह्यात सहकारी सूतगिरण्यांच्या चात्या थांबल्या. विदर्भात इतरत्र पाहावे तर नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँकांना रिझर्व्ह बँकेच्या परवान्यासाठी लागणारे किमान भांडवल उभे करता आले नव्हते. शासनाने तिजोरीतून पैसा ओतला तेव्हा त्या जगल्या. नागपूर बँकेच्या रोखे घोटाळ्यात डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने माजी अध्यक्षांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. एवढे डोळ्यांदेखत झाल्यावर कुणी "माणसं नालायक" म्हटले तर त्याला खोटे कसे म्हणावे?

खोटे म्हणत नाही. अपुरे म्हणतो, आणि निष्कर्षापुरते चूकही म्हणतो.

दुसरे वाक्य आधी निकालात काढू, कारण त्यात फारसे काही नाही. सहकाराचा दोष वऱ्हाडच्या मातीत किंवा माणसात असेल, तर १९१२ साली पुण्यात स्थापन झालेल्या रुपी बँकेचा परवाना यवतमाळच्या महिला बँकेच्याच वर्षी, २०२२ मध्ये, का रद्द व्हावा? २०११ साली राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले, तेव्हा त्या मंडळात वजन कोणत्या भागातल्या पुढाऱ्यांचे होते, हेही सर्वांना ठाऊक आहे. उलट ज्या प्रवरेच्या कारखान्याचे दाखले विदर्भाला तोंडावर फेकले जातात, त्याची विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने उभारणी करणारे आणि पहिले अध्यक्षपद सांभाळणारे धनंजयराव गाडगीळ नागपुरात वाढलेले. फरक माणसांत नव्हता, पिकात होता. ऊस तोडला की तो लगेच गाळावा लागतो, लांब नेला तर परवडत नाही. म्हणून शेतकरी आणि कारखाना एकमेकांना बांधलेले राहतात. कापूस घरात रचून ठेवता येतो आणि दारात आलेल्या कोणत्याही व्यापाऱ्याला विकता येतो. आपल्याच जिल्ह्यात जिथे पाणी आले तिथे, म्हणजे पुसद-उमरखेडच्या पट्ट्यात, साखर कारखाने उभे राहिले. ते नंतर का बसले हा वेगळा प्रश्न, पण कळंब-बाभूळगावच्या कोरडवाहू कापूसवाल्याला प्रवरानगर का उभारता आले नाही याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधणे म्हणजे निव्वळ आळस.

आता पहिले वाक्य. त्यात एक गृहीत दडले आहे : सहकाराची तत्त्वे ही सज्जनांसाठी आहेत, आणि सज्जन संपले की ती निकामी होतात. हे गृहीत इतिहासाशी जुळत नाही.

१८४४ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी टोड लेनवर अठ्ठावीस जणांनी जे दुकान उघडले, त्याची कथा आपल्याकडे पाठ्यपुस्तकात संतचरित्रासारखी येते. गरीब विणकर, पौंडाचा एक भाग, पीठ-साखर-लोणी-मेणबत्त्या, आणि मग जगभर पसरलेली चळवळ. त्याच टोड लेनवर त्याच्या दहाएक वर्षे आधी आणखी एक सहकारी दुकान निघाले होते आणि उधारीने दोन वर्षांत बुडाले होते, हे मात्र पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. १८४४ वाल्यांनी रोखीनेच विक्री करण्याचा नियम केला तो या ठेचेतून. शेजारी उधार नेईल आणि परत देणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माप पूर्ण द्यावे, मालात भेसळ नसावी, हिशेब तपासले जावेत, सभा ठरल्या वेळी व्हाव्यात, भाग कितीही असले तरी मत एकच, भांडवलावर व्याज मर्यादित, आणि शिल्लक राहिली तर ती ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत : यातला एकही नियम माणूस चांगला आहे असे धरून केलेला नाही. माणूस मोहात पडतो, ज्याच्याकडे पैसा तो दांडगाई करतो, हिशेबनीस हात मारू शकतो, असे धरून केलेला आहे. त्याच रॉचडेलच्या मंडळींनी पुढे कापडाची सहकारी गिरणी काढली आणि कामगारांना नफ्यात वाटा दिला. गिरणी चालते म्हटल्यावर केवळ लाभांशासाठी भाग घेणारे बाहेरचे लोक आत शिरले आणि १८६२ मध्ये त्यांनी कामगारांचा वाटाच बंद करवला. आद्य सहकाऱ्यांच्या गावात, आद्य सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर! भांडवलाला दार सताड उघडे ठेवले की काय होते, हे त्या एका मतदानात दिसते.

म्हणजे "माणसे वाईट होती" हे सहकार बुडण्याचे कारण सांगणे, पूर आला म्हणून धरण फुटले असे सांगण्यासारखे आहे. पूर येणार म्हणूनच धरण बांधलेले असते. प्रश्न विचारायचा तो बांधकामाबद्दल.

हे बांधकाम काळाबरोबर तपासलेही गेले, आणि त्यात एका मराठी माणसाचा हात मोठा. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९३७ साली तत्त्वांची पहिली अधिकृत यादी केली. ती नव्याने पाहण्यासाठी १९६० च्या दशकात जो आयोग नेमला त्याचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ, रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर प्रा. दत्तात्रेय गोपाळ कर्वे. १९६६ च्या व्हिएन्ना अधिवेशनात त्या आयोगाची शिफारस मान्य झाली. रोखीचा व्यवहार आणि राजकीय-धार्मिक तटस्थता ही दोन कलमे यादीतून गळाली, आणि सहकारी संस्थांनी एकमेकींशी सहकार करावा हे नवे कलम आले. (राजकीय तटस्थतेचे कलम गळाल्याचे दुःख महाराष्ट्रात कुणाला झाल्याचे ऐकिवात नाही.) पुढे १९९५ मध्ये मँचेस्टरला आज चालू असलेली सात तत्त्वे ठरली : खुले व ऐच्छिक सभासदत्व, सभासदांचे लोकशाही नियंत्रण, सभासदांचा आर्थिक सहभाग, स्वायत्तता, शिक्षण व माहिती, संस्थांमधील सहकार, समाजाची काळजी. यातली स्वायत्तता १९९५ ची भर. सरकारांनी वरून उभारलेल्या संस्था जगभर कशा कोसळल्या हे पाहून ती घातली गेली. तत्त्वे एकोणिसाव्या शतकातली, आज निरुपयोगी, असे म्हणणाऱ्यांनी हा दुरुस्त्यांचा इतिहास एकदा नजरेखालून घालावा.

आता ही सात कलमे हातात घेऊन यवतमाळच्या सर्वांत मोठ्या सहकारी म्हणवल्या गेलेल्या प्रयोगाकडे पाहू. तो कारखाना नव्हता आणि बँकही नव्हती. तो होता कापूस एकाधिकार खरेदीचा. १९७१ चा कायदा, १९७२ पासून अंमल, मुख्यमंत्री पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. व्यापारी आणि अडत्याच्या तावडीतून कापूस उत्पादक सोडवायचा होता. खरेदीचे काम सहकारी पणन महासंघाकडे दिले, म्हणून गावागावांत याला सहकारच म्हटले गेले. पण शेतकऱ्याला हा "सहकार" ऐच्छिक होता काय? नव्हता, दुसऱ्याला कापूस विकणे कायद्याने बंद होते. भाव कोण ठरवी? मुंबईत मंत्रिमंडळ. तोटा आला तर सोसायचा कुणी? शासनाने. महासंघ शासनाचा अभिकर्ता, त्यामुळे स्वायत्ततेचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

संकलन केंद्रावरचे चित्र त्या पिढीला अजून आठवते. जिनिंगच्या आवारात बंड्यांची रांग, रात्र बंडीखाली काढायची, सकाळी ग्रेडर येऊन ढिगात हात घालणार, बोटांनी धागा ओढून पाहणार आणि एका शब्दात प्रत ठरवणार. त्या एका शब्दावर वर्षाचा हिशेब. मग चुकाऱ्याची वाट, तीही हप्त्या-हप्त्याने. ज्या वर्षी बाहेर भाव चढा, त्या वर्षी पांढरकवड्याहून पाटणबोरीमार्गे पैनगंगा ओलांडून कापूस आदिलाबादकडे जायचा आणि नाक्यांवर शेतकरी तस्कर ठरायचा. ज्या वर्षी बाहेर भाव पडलेला, त्या वर्षी सगळा कापूस केंद्रावर. चढत्या भावात माल बाहेर आणि पडत्या भावात माल आत, ही रचना कुठल्याही चारित्र्यवान अध्यक्षाला नफ्यात आणता आली नसती. महासंघाच्या खुर्चीत गाडगे महाराज बसवले असते तरी हिशेब तोच निघाला असता. शतकाच्या वळणावर खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला. लोकांनी निष्कर्ष काढला, "सहकार बुडाला." जे सहकाराच्या पहिल्याच कलमाला नापास होते ते बुडाल्याचा ठपका सातही कलमांवर आला.

इथे जाणता वाचक मला अडवील. बुडाले की "तो खरा सहकार नव्हताच" म्हणायचे, तरले की "पाहा, सहकार!" म्हणायचे, ही तर पळवाट झाली. आक्षेप रास्त आहे. त्यातून सुटका एकाच अटीवर : कसोटी बुडण्याआधी लावता आली पाहिजे. सात कलमांची कसोटी तशी लावता येते. संस्थेत सभासदाचा स्वतःचा पैसा किती, बाहेरचा किती? ज्यांचा पैसा अडकला त्यांना मत आहे का? लेखापरीक्षणानंतरचा दोष-दुरुस्ती अहवाल सभेपुढे येतो का? हे प्रश्न कागदावर, आज, चालत्या संस्थेला विचारता येतात.

नागरी सहकारी बँकांचेच घ्या. आपल्याकडच्या पद्धतीत कर्जदाराला कर्जाच्या प्रमाणात भाग घ्यावे लागतात, म्हणून तो मतदार सभासद होतो. ठेवीदाराला भाग घेणे बंधनकारक नाही. बहुसंख्य ठेवीदार घेतही नाहीत. म्हणजे पैसा मुख्यतः ठेवीदाराचा आणि मत मुख्यतः कर्जदाराचे. ज्याला कर्ज सैल हवे तो संचालक निवडणार, आणि ज्याला ते कडक हवे तो निवडणुकीच्या दिवशी घरी. अशा बँकेत चोर शिरला नाही तरी शिस्त ढिली होणारच. ही रचनेची चूक आहे, आणि चांगला माणूस शोधून ती दुरुस्त होत नाही.

गावची विविध कार्यकारी सोसायटी पाहा. तिच्याकडचा पैसा जिल्हा बँकेकडून येतो, सभासदाची भाग-रक्कम कर्जातूनच कापली जाते, त्यामुळे आपला पैसा आत आहे असे त्याला कधी वाटतच नाही. मग मार्चअखेरचे नवे-जुने. वेळेत फेडले तर तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज बिनव्याजी पडते, म्हणून थकबाकीदार व्हायचे नाही, पण हातात पैसा नाही. अशा वेळी गावातल्याच कुणाकडून काही दिवसांसाठी रक्कम उचलायची, शेकड्याने व्याज कबूल करायचे, गटसचिवाकडे भरणा करायचा, नवे कर्ज मंजूर झाले की त्यातून सावकार भागवायचा. सोसायटीच्या दप्तरात वसुली उत्तम. शेतकऱ्याच्या घरात मात्र बिनव्याजी कर्जाला सावकाराचे व्याज. यात कुणी चोर नाही. सचिव नियमाने वागला, शेतकरीही नियमाने वागला. आणि नियतीचा विनोद असा की सहकारी संस्थांचा जिल्हा उपनिबंधक हाच सावकारांचाही निबंधक असतो.

१९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला होता आणि सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या घरात. गोरवाला समितीने त्यावर तोडगा काढला : शासनाने संस्थांच्या भांडवलात भागीदार व्हावे. पैसा आला, संस्था वाढल्या, आणि पैशाबरोबर नियुक्त संचालक, मंत्र्यांचे फोन आणि निबंधकाची लेखणीही आली. गाडगीळ त्या समितीत होते. त्या काळात दुसरा मार्ग दिसत नव्हता हे मान्य. पण "सभासदांचा आर्थिक सहभाग" हे कलम तेव्हा ढिले झाले ते पुन्हा घट्ट झालेच नाही. गावच्या सोसायटीत आज खरी चुरस व्याजदरासाठी किंवा खताच्या दर्जासाठी लागत नाही. ती लागते जिल्हा बँकेच्या निवडणुकीआधी सोसायटीतर्फे मतदानाचा "ठराव" कुणाच्या नावे घ्यायचा यासाठी. सभासदाला संस्थेत मोल नाही, संस्थेला वरच्या निवडणुकीत आहे.

मग काहीजण म्हणतात, सहकार सोडा, आता शेतकरी उत्पादक कंपन्यांचा जमाना आहे. त्यांनी तो कायदा उघडून पाहावा. २००२ साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपन्यांचे प्रकरण आले तेव्हा त्यात "परस्पर साहाय्याची तत्त्वे" लिहिली गेली : ऐच्छिक सभासदत्व, एका सभासदाला एक मत, भांडवलावर मर्यादित परतावा, शिलकीचे वाटप व्यवहाराच्या प्रमाणात, सभासद-शिक्षण. रॉचडेलच्या दुकानाची पाटी बदलून तेच दुकान. बदलले ते एवढेच की निबंधकाच्या कचेरीचा जाच गेला. म्हणजे सहकाराला पर्याय म्हणून जे आणले त्यानेही आधार घेतला तो याच कलमांचा, आणि वगळले ते नेमके स्वायत्ततेच्या आड येणारे. यापेक्षा मोठी साक्ष कोणती हवी? या कंपन्यांपैकी ज्या केवळ अनुदानासाठी कागदावर उभ्या आहेत, त्या अनुदान संपताच निजतील हेही त्याच कसोटीवर आज सांगता येते.

दिल्लीत जुलै २०२१ मध्ये सहकार मंत्रालय झाले, सोसायट्यांच्या संगणकीकरणाला अडीच हजार कोटींहून अधिक रकमेची योजना आली, आदर्श उपविधी आले, २०२५ हे संयुक्त राष्ट्रांचे सहकार वर्ष म्हणून साजरे झाले. संगणक हवेच, गटसचिवाच्या पिशवीतले दप्तर पडद्यावर आले तर कुणाचे नुकसान नाही. पण उपविधी म्हणजे सभासदांनी आपापसांत केलेला करार. तोही वरून छापून येणार आणि सभेत "मंजूर, मंजूर" म्हणून चहा होणार असेल, तर एकाधिकारातून आपण काहीच शिकलो नाही.

तत्त्वांच्या मर्यादाही सांगून टाकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. अशा निर्णयापुढे घाटंजीची किंवा राळेगावची जिनिंग सोसायटी, सातही कलमे पाळणारी असली तरी, भाव राखू शकत नाही. पाऊसही ठरावाने पडत नाही. सहकाराने काय होते? मापात मार खावा लागत नाही, बियाण्याच्या पाकिटाचा भाव एकट्याला विचारावा लागत नाही, अडचणीच्या वेळी सावकाराखेरीज दुसरे दार असते. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात, जिथे शेतकरी बाजारात एकटा जातो आणि एकटाच हरतो, ही मिळकत थोडी नाही. एकट्याची ताकद जिथे सर्वांत कमी, तिथे या कलमांची गरज सर्वांत जास्त. म्हणून यवतमाळ हा सहकाराला नालायक जिल्हा आहे हे मत मला उलट्या टोकाचे वाटते.

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ ने सभासदाला हिशेब पाहण्याचा आणि प्रती मागण्याचा हक्क दिला आहे. यंदा सभेची नोटीस आली की पुढाऱ्याचे चारित्र्य तपासत बसू नका. लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला, दोष-दुरुस्ती अहवाल कुठे आहे आणि मोठ्या थकबाकीदारांत संचालकांची नावे किती, एवढे तीन प्रश्न लेखी द्या आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय उठू नका.